फॉर्ममध्ये न बसलेली वही : विद्यापीठांच्या विज्ञान महोत्सवांच्या आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या विद्यापीठांचे मा. कुलगुरू, विज्ञान महोत्सवांचे आयोजक आणि हवामानावर संशोधन करणारे प्राध्यापक व विद्यार्थी

सप्रेम नमस्कार वि. वि.

मी पुरंदर तालुक्याच्या पूर्वेकडच्या, पावसाने कायम हात राखून ठेवलेल्या पट्ट्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी भूगोल शिकवण्यात गेली. १९८७ पासून २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होऊ लागला, तेव्हापासून पोरांना कुठे ना कुठे घेऊन जायची सवय लागली. कधी खोडदच्या दुर्बिणी, कधी पुण्यात पाषाणची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, तर कधी एखाद्या विद्यापीठाचा महोत्सव. एसटीत डबे उघडायचे, एकाला तरी उलटी व्हायची, पण परतताना पोरं जे बोलायची ते ऐकून दमणूक विसरायला व्हायची. निवृत्त झाले तरी सवय सुटलेली नाही. यंदा नातीला घेऊन गेले. कुठल्या विद्यापीठात ते लिहीत नाही. तक्रार एका ठिकाणाची नाही आणि पत्र सगळ्यांसाठीच आहे.

जाताना पिशवीत वडिलांची वही घेतली होती.

वडील शेतकरी, शिक्षण चौथीपर्यंत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेले होते. तिथून परतल्यावर त्यांनी डालड्याचा एक रिकामा डबा पत्र्यावर ठेवला, माझी लाकडी फूटपट्टी कायमची ताब्यात घेतली आणि १९७३ च्या मृगापासून वही लिहायला सुरुवात केली. रोज सकाळी डब्यात पट्टी बुडवायची, भिजल्या खुणेपर्यंत मोजायचं, लिहायचं. डब्याच्या बाजू सरळ असतील तर तोंड केवढंही असो, पावसाची उंची तीच येते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मीच ते पुढे पुस्तकात वाचून वर्गात शिकवलं. आकड्याशेजारी नक्षत्र, ओल जमिनीत किती बोटं गेली, विहिरीच्या किती पायऱ्या उघड्या पडल्या, पेरलं कधी, वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला कधी. एके ठिकाणी एवढंच लिहिलंय, "हस्त कोरडा. नऊ पायऱ्या." दुसरीकडे, "गारा. अंजीर गेला." २००९ पर्यंत त्यांचं अक्षर आहे, पुढचं माझं.

तर हवामान संशोधनाचा तुमचा स्टॉल. मांडव झकास होता. इंग्रजी पोस्टर, त्यावर लाल-निळे नकाशे. बाजूला सेल्फीसाठी पुठ्ठ्याची पृथ्वी, तिच्या तोंडात थर्मामीटर. टेबलावर शपथपत्रं: मी झाड लावीन, मी एसीचा वापर कमी करीन. आमच्या शेजारच्या गावची शाळा आली होती, तिथल्या पोरींनी रांगेत उभं राहून सह्या केल्या. त्यातल्या दोघी-तिघींना मी ओळखते. एकीच्या घरी पंखा आहे. बाकीच्यांनी कशाचा वापर कमी करायचा, हे मला त्यांना विचारवलं नाही.

स्टॉलवर एक मुलगी होती, पीएचडी करणारी, लातूरकडची. हातात मोजणीचं बटण, येणारा प्रत्येक माणूस टिकटिक मोजायचा, कारण वर आकडा कळवायचा असतो. मी वही पुढे केली. तिने दोन पानं उलटली आणि बटण दाबायची थांबली. "वाफसा," ती म्हणाली, "माझे आजोबा असंच लिहायचे, कॅलेंडरच्या मागे." मग ती उभ्याउभ्याच वाचत राहिली. मागे रांग खोळंबली. शेवटी मी विचारलं, याचं काही करता येईल का? तिने अभिप्रायाचा फॉर्म काढला. आपल्याला स्टॉल कसा वाटला, एक ते पाच. हवामान बदलाविषयी आपली जाणीव वाढली का, हो किंवा नाही. ती ओशाळून म्हणाली, "काकू, हे आमच्या फॉर्ममध्ये बसत नाही."

पोरीचा राग नाही. फॉर्म तिने केला नव्हता. पण त्या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले.

तुम्ही आम्हाला सांगायला बोलावता. आमच्याकडून काही घ्यायचं असेल, हे मांडव घालताना कुणाच्या मनात येत नाही. आमची "जाणीव वाढली का" असं विचारता. अहो, अंजिराचा मीठा बहर ऐन भरात असताना अवकाळी पडतो, फळ उकलतं, ढगाळ हवेत पानावर तांबेरा चढतो, सोसायटीचं कर्ज तसंच राहतं. जाणीव आणखी कुठे वाढवायची?

मान्य, जाणीव म्हणजे कारण कळणं नव्हे. तिथे तुमचं काम आहेच, आणि ते मोठं आहे. पण त्या कामाची पहिली अडचण तुमच्या पोस्टरच्या मथळ्यातच आहे. आमच्या पाठ्यपुस्तकात 'हवा' आणि 'हवामान' असे दोन वेगळे शब्द. आजची स्थिती ती हवा, अनेक वर्षांची सरासरी ते हवामान. मी हा फरक एकतीस वर्षं फळ्यावर लिहिला आणि शाळेबाहेर कुणाच्या तोंडून ऐकला नाही. बातम्यांत 'हवामानाचा अंदाज' येतो, तो उद्याचा असतो. हवामान खातं उद्या पाऊस आहे का ते सांगतं. मग 'हवामान बदल' म्हटलं की माणूस मनात म्हणतो, हवामान तर रोज बदलतं, सकाळी ऊन, दुपारी आभाळ, त्यात नवीन काय? गावात बिघडतं ते 'वातावरण'. पारावर बसलेला माणूस "वातावरण राहिलं नाही" म्हणतो, तेव्हा तो तुमच्याच विषयावर बोलत असतो. तुम्हाला ते ओळखू येत नाही. त्यावर तुमचे 'शमन', म्हणजे हवा तापवणारे वायू कमी करणं, आणि 'अनुकूलन', म्हणजे बदललेल्या हवामानाशी जुळवून घेणं. शमन आमच्याकडे पित्ताचं करतात.

तीस वर्षांच्या सरासरीला तुम्ही हवामान म्हणता. तीस वर्षं म्हणजे एका शेतकऱ्याची कर्ती हयात. बापाने कसलं तेव्हाचं आणि पोरगा कसतोय आताचं, या दोन्हींतला फरक म्हणजे हवामान बदल, असं सांगितलं तर बांधावरच्या म्हातारीलाही पुढचं ऐकावंसं वाटेल.

आणि तो दीड अंश, पृथ्वीची तापमानवाढ ज्याच्या आत रोखायची म्हणतात तो. स्टॉलवर माझ्या शेजारच्या गृहस्थांनी पोस्टरवरचा आकडा वाचला आणि हसले. "पिंपळाखालून रस्त्यावर गेलो तरी दीड अंश वाढतो," म्हणाले. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही, कारण त्या आकड्याला त्यांच्या आयुष्यात पाय ठेवायला जागाच नव्हती. खरं तर जागा होती. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल, जो पाषाणच्याच शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तयार झाला, सांगतो की १९०१ ते २०१८ मध्ये भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. १९५१ ते २०१५ मध्ये जून ते सप्टेंबरचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि ही घट ठळक दिसली ती गंगेच्या मैदानात आणि आपल्या सह्याद्रीत. त्याच सुमाराला मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळण्याचे प्रसंग सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. एकूण पाऊस कमी, पण पडतो तेव्हा धो धो. हे दोन्ही एकदम कसं, असा प्रश्न शहाणा माणूस विचारणारच.

मी पोरांना घागर सांगायचे. हवा तापली की तिची घागर मोठी होते, एका अंशाला साधारण ७ टक्क्यांनी. मोठी घागर भरायला वेळ लागतो, म्हणून उघडीप लांबते. आणि उपडी झाली की पाणीही जास्त सांडतं. उदाहरण ढोबळ आहे, तुमच्यातले पंडित त्यात दहा खोट काढतील, काढा. पण सातवीतला पोरगा घरी जाऊन हे बापाला सांगू शकतो. नकाशावरच्या लाल डागाचं तो काय सांगणार?

दुसऱ्या एकाने विचारलं, कृत्रिम पाऊस का पाडत नाहीत? उत्तर मिळालं, "तो आमचा विषय नाही." सोलापूरला याच पाषाणच्या संस्थेने विमानं उडवून ढगांवर बीजारोपणाचे प्रयोग केले, निष्कर्ष छापले. २०१९ मध्ये सरकारने मराठवाड्यासाठी औरंगाबादहून विमानं सोडली, तेव्हा सगळा महाराष्ट्र आभाळाकडे बघत होता. लोकांच्या मनातला पहिला प्रश्न हाच असणार, हे कळायला संशोधन लागत नाही. नसलेल्या आभाळातून काही काढता येत नाही, असलेल्या योग्य ढगातून थोडं जास्त मिळू शकतं, तेही दरवेळी नाही. दोन वाक्यांचं काम. विषय तुमचा नसला तरी प्रश्न त्याचा होता, आणि तो तासभर बस पकडून आला होता.

आता वहीकडे येते.

वडिलांच्या आकड्यांना प्रयोगशाळेत किंमत किती, याचा मला भ्रम नाही. डबा पत्र्यावर, शेजारी चिंच, कधी कावळ्याने उपडा केलेला. पट्टीवरच्या रेघा झिजलेल्या. पण पाऊस पडला का नाही पडला, एवढं तर त्यातून नक्की कळतं. पेरणीची तारीख कळते. दुबार पेरणी कोणत्या साली झाली ते कळतं. विहिरीची पायरी खोटं बोलत नाही. जपानमध्ये क्योटोतल्या चेरीच्या बहराच्या नोंदी इसवी सन ८१२ पासूनच्या जुळवल्या गेल्यात, त्या दरबारी लोकांच्या रोजनिशांमधून. त्यांनी त्या कुणा संशोधकासाठी लिहिल्या नव्हत्या. त्यांना फक्त फुलं बघायला जायचं असे. २०२१ चा बहर तोवरच्या बाराशे वर्षांत सगळ्यात लवकर आला, हे आज जगाला कळतं ते त्या रोजनिशांमुळे.

इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठाचं उदाहरण तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असेल. तिथल्या एड हॉकिन्स यांनी २०२० च्या टाळेबंदीत लोकांना हाक दिली. ब्रिटनच्या हवामान खात्याच्या दप्तरात पावसाच्या नोंदींचे सुमारे ६५,००० कागद पडून होते, हाताने लिहिलेले. घरी अडकलेल्या सोळा हजारांहून जास्त लोकांनी दोन-अडीच आठवड्यांत त्यातले पन्नास लाखांवर आकडे उतरवून दिले. त्यामुळे त्यांच्या देशाची पावसाची मालिका १८३६ पर्यंत मागे गेली. त्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं की तुमची जाणीव वाढली का. ती वाढलीच असणार, कुणा पाद्र्याने दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेला आकडा वाचताना.

आपल्याकडे कागद नाहीत का? मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. हवामान खातं १८७५ चं. हे झाले मोठ्यांचे. पण तहसील कचेरीतली पावसाची रजिस्टरं, साखर कारखान्यांच्या शेतकी विभागाच्या नोंदी, पाटबंधाऱ्यांच्या चौक्यांवरच्या वह्या, आणि लोकांच्या घरातली माझ्या वहीसारखी चोपडी? महोत्सवाच्या दोन दिवसांत एका मांडवात तीस पोरं संगणकावर बसवा. प्रत्येकाने एका सालचा पाऊस उतरवायचा. पोरगा रजिस्टरमध्ये आपल्याच तालुक्याचं १९७२ साल उघडेल, जुलैच्या रकान्यातून बोट खाली नेत जाईल आणि घरी जाऊन आजोबांना विचारेल, तेव्हा तुम्ही काय खाल्लंत? हवामानशास्त्राची याहून चांगली सुरुवात मला तरी माहीत नाही.

रेडिंगचीच आणखी एक गंमत. वाढत्या तापमानाच्या त्या निळ्या-लाल पट्ट्या आज जगभर दिसतात, हॉकिन्स यांनी त्या २०१८ मध्ये लोकांसमोर आणल्या. त्याआधी तिथल्याच एली हायवूड या हवामानशास्त्रज्ञ बाईंनी लोकरीचं पांघरूण विणलं होतं, एका वर्षाला एक ओळ, रंग त्या वर्षाच्या तापमानाचा. मी हे वाचलं आणि हसूच आलं. पांघरुणात साल शिवणं आम्हाला नवीन आहे होय? आमच्या गोधडीत आईचं लुगडं, बापाचं धोतर, मेलेल्या आत्याची चोळी, सगळी वर्षं ठिगळाठिगळाने असतात. बचत गटातल्या बायकांना वडिलांच्या वहीतले आकडे द्या. ओल्या सालाला निळं, कोरड्या सालाला मातकट, गारपिटीच्या सालाला पांढरं ठिगळ. पुढच्या महोत्सवात ती टांगा, आणि शेजारी शिवणारीलाच उभी करा. कोणतं ठिगळ कोणत्या सालचं आणि त्या साली घरात कुणाचं लग्न मोडलं, हे ती सांगेल. पुठ्ठ्याच्या पृथ्वीपुढे कुणी थांबणार नाही.

तुम्ही म्हणाल, लोकांच्या आठवणींवर काय विश्वास? बरोबर आहे, आठवणींवर ठेवूच नका. "आमच्या वेळी सात जूनला पाऊस म्हणजे पाऊस," हे मी लहानपणापासून ऐकतेय, वडीलही म्हणायचे. त्यांच्याच वहीत मृग कोरडा गेल्याच्या नोंदी कितीतरी आहेत. मी दाखवल्या तेव्हा म्हणाले, "असतील." पण दुसरी गोष्टही सांगते. परतीचा पाऊस लांबतोय, असं ते शेवटची दहा-पंधरा वर्षं घोकत होते. बाजरी काढणीला आलेली, कणसं भिजलेली, अशी पानंच्या पानं आहेत. आणि २०२० मध्ये हवामान खात्याने मान्सूनच्या तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा वायव्य राजस्थानातून मान्सून मागे फिरायची सर्वसाधारण तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर नेली. एका बाबतीत म्हातारा चुकला, एका बाबतीत खात्याच्या आधी बोलला. दोन्ही गोष्टी वहीमुळे कळल्या. लोकांशी अशी गप्पा-तपासणी तुमच्या स्टॉलवर व्हावी. आमचं चुकतं तिथे बेलाशक चुकलं म्हणा, आम्ही काही साखरेचे नाही विरघळायला.

यात पोटाचाही प्रश्न आहे. पीकविम्याची भरपाई अनेकदा महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर ठरते. केंद्र ओढ्याच्या अलीकडे, पाऊस पलीकडे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. मग डोंगर-दऱ्यांच्या एका मंडळाचा पाऊस एका खांबाने कसा सांगायचा? केरळात मीनाचिल नदीच्या खोऱ्यात लोकांनी आणि शाळांनी स्वतः पर्जन्यमापकं लावून नदीवर नजर ठेवलीय. आपल्या हिवरे बाजारला गाव दरवर्षी पाऊस मोजतं, पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि कोणतं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवतं. हे विद्यापीठाच्या दारात झालेलं नाही.

म्हणून एक सुचवते. महोत्सव तुमच्याकडे होतो, जत्रा आमच्याकडे. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला येते, मुक्काम करते. दिंड्यांत परभणीचे, बीडचे, यवतमाळचे, सगळीकडचे लोक असतात. भेटले की रामकृष्णहरीनंतरचा पहिला प्रश्न ठरलेला: "तुमच्याकडं पेरण्या झाल्या का?" उभ्या महाराष्ट्राच्या पावसाची पाहणी तिथे पायी चालत येते, दरवर्षी, फुकट. दोन टेबलं टाका, नकाशा मांडा, वारकऱ्याला विचारा गाव कोणतं, पेरलं कधी, ओल किती बोटं. नकाशावर टिकली लावायला सांगा. संध्याकाळपर्यंत जे चित्र तयार होईल ते बघायला मीही येईन. पाण्याचा माठ ठेवला तर उत्तम, नाही तर आम्ही ठेवू.

आणि जे न्याल ते परत आणून द्या, ही अट. आमच्या गावात याआधी तिघे जण सर्व्हे करून गेले. चहा पिऊन गेले, पुढे काय झालं देव जाणे. वही उतरवून नेलीत, तर तिच्यातून काय निघालं ते चैत्रातल्या जत्रेत, देवळासमोर, मराठीत, माइकवर सांगायचं. काही निघालं नाही तर तेही सांगायचं. लोक ऐकून घेतात. २०२५ च्या मे महिन्यात पाऊस कोसळला, मान्सून २६ मेलाच मुंबईत पोचला, इथे नांगरटी राहून गेल्या, तेव्हा गावात जो तो एकमेकांना विचारत होता की हे असं आता दरवर्षी होणार का. त्या दिवशीची माझी नोंद आहे: "मृगाला तेरा दिवस बाकी. डबा काठोकाठ. पेरावं का थांबावं, कुणालाच ठाऊक नाही." तुमच्यापैकी कुणी त्या आठवड्यात गावात येऊन "आम्हालाही पक्कं ठाऊक नाही, पण एवढं ठाऊक आहे" असं म्हणालं असतं, तरी चाललं असतं.

लातूरच्या त्या मुलीचं नाव मी विचारलं नाही, राहून गेलं. हे पत्र तिच्यापर्यंत पोचलं तर तिला सांगा, आजोबांची कॅलेंडरं रद्दीत गेली नसतील तर आधी ती सोडवून आण.

कळावे,
आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
ता. पुरंदर

ता. क. वही कुणाला घेऊन जायला मिळणार नाही. घरी या, ओसरीवर बसून फोटो काढा, उतरवून घ्या. १९७३ आणि ७४ च्या पानांना कसर लागलीय आणि शाई फुटू लागलीय, तेव्हा यायचं तर पावसाच्या आत या.